देवचार कुठल्या रकान्यात बसतो?

गावच्या मुंबईकर मंडळाला वेबसाइट हवी होती. मंडळात सॉफ्टवेअरवाला मी एकटाच, त्यामुळे काम आपोआप माझ्याकडे आलं, अर्थातच फुकटात. गावातल्या सगळ्या देवस्थानांची यादी करायची होती. नाव, प्रकार, फोटो आणि चार ओळी माहिती. 'प्रकार' या रकान्यासाठी मी ड्रॉपडाउन केला: मंदिर, घुमटी, समाधी, नैसर्गिक स्थळ, इतर. रामेश्वर, सातेरी, रवळनाथ, ब्राह्मणदेव पटापट भरून झाले. गाडं अडलं ते आमच्या वाडीतल्या देवचारापाशी.

मालवणकडच्या वाचकांना देवचार सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. देवचार म्हणजे वाडीचा राखणदार. त्याला देऊळ नसतं, मूर्ती नसते. आमचा व्हाळाच्या कडेला एका झाडाखाली आहे, म्हणजे तिथे एक धोंडा आहे. त्याला रोट लागतो, विडी लागते, काही ठिकाणी दारू आणि कोंबडाही लागतो. रात्री तो हद्दीतून फिरतो. माझे आजोबा एकदा मालवणातून रात्रीचे चालत येताना पावसात वाट चुकले. पुढे कुणीतरी म्हातारा काठी टेकत चालला होता, त्याच्या मागोमाग ते साकवापर्यंत आले आणि साकवावर पाय ठेवल्यावर बघतात तर पुढे कोणी नाही. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या आवाजात भीती अजिबात नसायची. शेजारच्या काकांनी सोडायला यावं, तितकं ते साधं होतं.

आता हे 'इतर' मध्ये टाकायचं?

मी माहितीच्या रकान्यात लिहिलं: "पूर्वी गावकरी देवचाराला वाडीचा रक्षक मानत. ही येथील समृद्ध लोकपरंपरा होती." छान, सभ्य, कुणाला न दुखावणारं वाक्य. त्या वाक्यात काय चुकलं हे कळायला मला बरेच दिवस लागले, आणि वाट जरा लांबची होती. आइसलँडवरून गेली.

पण आधी गोव्यातून. कॉलेजात माझा रूममेट बार्देशातला ख्रिश्चन होता. एका रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर मी त्याला आजोबांची साकवाची गोष्ट सांगितली. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या घरच्या कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. प्रार्थनेत ज्याच्यापासून वाचव म्हणायचं, तो. "तुझ्या आज्याला सैतानाने घरी सोडलं?" त्याने विचारलं आणि आम्ही दोघंही खूप हसलो. आमच्या गावापासून त्याचं गाव शंभर किलोमीटरवरही नसेल. शब्द एकच आहे, आणि मधल्या तेरेखोलच्या खाडीत कुठेतरी राखणदाराचा सैतान झाला आहे.

तो कसा झाला हे गूढ नाही. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या मिशनऱ्यांना लोकांच्या भाषेत धर्म शिकवायचा होता. 'देव' हा शब्द त्यांनी आपल्या देवासाठी घेतला. मग सैतानासाठी शब्द हवा होता. गावागावात रात्री फिरणारा, विडी-दारू घेणारा, चर्चच्या हुकमात नसलेला एक जण आयताच हजर होता. त्याला ती जागा दिली गेली. १५६६-६७ च्या सुमारास साष्टीतली शेकडो देवळं पाडली गेली. तेव्हा मोठे देव निदान नदी ओलांडून गेले: मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला. देवचाराला कोण पालखीतून नेणार? तो तिथेच राहिला आणि शब्दकोशात पकडला गेला.

इथून पुढचं माझं वाचन ऑफिसच्या वेळेत झालं, हे कबूल करतो. माझ्या पिढीतल्या बहुतेकांसारखा मलाही थॉर माहीत होता तो मार्व्हलमुळे, आणि ओडिन, लोकी वगैरे मंडळी गेममधून. या देवांबद्दल आज जगाला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं ख्रिश्चनांनी लिहून ठेवलेलं आहे, हे वाचलं तेव्हा मी टॅब बंद न करता पुढे वाचत गेलो. ज्यांनी तो धर्म मोडला त्यांच्याच पोरांनी त्याच्या गोष्टी लिहिल्या. कशा लिहिल्या, हा भाग मला सर्वात रंजक वाटला. कारण न मानणाऱ्या देवाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनाही पडला होता आणि प्रत्येकाने तो वेगळ्या तऱ्हेने सोडवला.

सर्वात सोपा उपाय आपण गोव्यात पाहिलाच: तो देव म्हणजे भूत. आठव्या-नवव्या शतकातली एक जुनी सॅक्सन शपथ आहे, बाप्तिस्मा घेणाऱ्याने म्हणायची. तीत थुनाएर, वोदेन आणि साक्सनोत यांना आणि त्यांच्या सोबतच्या सगळ्या भुतांना सोडचिठ्ठी द्यायची आहे. थुनाएर म्हणजे थॉर, वोदेन म्हणजे ओडिन. साक्सनोत या देवाचं नाव मात्र फारच थोड्या ठिकाणी उरलं आहे, त्यातलं एक ही शपथ. विसरून जा म्हणून सांगणाऱ्या कागदाने त्याचं नाव जपलं.

दुसरा उपाय जास्त हुशार होता. ते देव नव्हतेच, माणसं होती. कुणी पराक्रमी राजा, कुणी जादूगार. भोळ्या लोकांनी त्यांना देव केलं. डेन्मार्कचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिणारा साक्सो, साधारण १२०० च्या सुमाराचा, तो या मताचा. त्याच्या आधी दोनशे वर्षं, इंग्लंडमध्ये एल्फ्रिक नावाच्या मठवासी पंडिताने खोट्या देवांवर एक प्रवचन लिहिलं, त्याचंही हेच म्हणणं. या दोघांचा एक तिढा मला इतका आवडला की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

वारांच्या नावांवरून सगळ्यांना ठाऊक होतं की रोमनांचा मर्क्युरी म्हणजे ओडिन, आणि जुपिटर म्हणजे थॉर. मर्क्युरीचा वार तो वोदेनचा वार, आपला बुधवार. जुपिटरचा तो थॉरचा, आपला गुरुवार. इथपर्यंत मॅपिंग जुळलं. पण रोमनांकडे जुपिटर हा मर्क्युरीचा बाप, आणि उत्तरेकडे थॉर हा ओडिनचा मुलगा. म्हणजे बाप-लेक उलटे झाले. (आपल्याकडे बुध आणि गुरूचं नातं याहून भानगडीचं आहे, ते तूर्त राहू दे.) यावर एल्फ्रिक म्हणतो की डेन लोकांना आपल्या देवांची नाती नीट माहीत नाहीत, पुस्तकात तर वेगळं लिहिलं आहे. साक्सो म्हणतो की नाती जुळत नाहीत, अर्थी ते देव एक नव्हेतच, मॅपिंगच चुकीचं. डेटा तोच, एरर तोच. एकाने डेटा चुकीचा ठरवला, दुसऱ्याने मॉडेल. दोघांचाही थॉरवर विश्वास नव्हता, पण दुसऱ्याने निदान थॉरला मानणाऱ्यांचं ऐकलं. मी रोज ज्या मीटिंगांमध्ये बसतो तिथे एल्फ्रिक जास्त भेटतात.

"देव म्हणजे मूळची माणसं" ही युक्ती आपल्याला परकी नाही. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त, १८७३ साली, अख्खा दशावतार असा उलगडला. मत्स्य, कच्छ, वराह हे बाहेरून आलेल्या टोळ्यांचे म्होरके, बळीराजा इथला खरा राजा, आणि खंडोबा, म्हसोबा हे बळीच्या राज्यातले अधिकारी. 'महासुभा'वरून म्हसोबा, अशी त्यांची व्युत्पत्ती. भाषाशास्त्र ती मान्य करणार नाही. पण युक्ती एक असली तरी दिशा बघा. साक्सो देवाला माणूस करून खाली आणतो. फुले शेताच्या बांधावरच्या शेंदरी धोंड्याला अधिकाऱ्याचा हुद्दा देऊन त्याला पुजणाऱ्या शेतकऱ्याला सांगतात की हा तुझा माणूस होता आणि हे राज्य तुझं होतं. म्हणजे देवाचा अर्थ लावताना आपण देवाबद्दल फारसं बोलतच नसतो. त्याच्यापुढे नारळ ठेवणाऱ्या माणसाची किंमत ठरवत असतो.

हे ध्यानात आल्यावर मला आपल्याकडचा तिसरा प्रकारही दिसायला लागला, प्रेमाचा. त्यात कुणी देऊळ पाडत नाही, कुणाला सैतान म्हणत नाही. फक्त सांगतात की तुमची सातेरी म्हणजे खरं तर दुर्गाच. वारुळाच्या रूपात पुजली जाणारी सातेरी कितीतरी गावांत शांतादुर्गा झाली. रवळनाथ भैरवाचं रूप झाला, वेताळ शंकराचा गण झाला. यात वाईट काय, असं वाटू शकतं. कुणाचं रक्त सांडलं नाही, उलट मान वाढला, कळस चढला. मला वाटतं वाईट थोडंसं हे, की वारुळाला वारूळ म्हणून जो मान होता तो संपला. आता ते दुसऱ्या कुणाचं तरी रूप म्हणून मोठं. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा मात्र मला या सगळ्यांना पुरून उरलेला वाटतो. पुस्तकातला वेताळ झाडावर लटकतो आणि विक्रमाला कोडी घालतो. आरवलीचा वेतोबा रात्री गावातून फेरी मारतो, त्यात त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्याथोरल्या नव्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. चपला झिजणारा देव कुठल्याच व्याख्येत नीट बसत नाही.

गोव्यातल्या पाद्र्यांकडे परत येतो, कारण त्यांना एका शब्दात मोडीत काढलं तर मीही एल्फ्रिक होईन. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही अशा मराठीत की आजही वाचताना आपण दबून जातो. त्या ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. चर्चमध्ये एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून विचारतो की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? ही मागणी मला फार खरी वाटते. देव बदलला होता, पण दुपारी मांडी घालून कुणाच्या तरी तोंडून ओवी ऐकायची सवय कुठे जाणार? स्टीफन्सने ती भूक ओळखली. स्वर्गासाठी त्याने वैकुंठ हा शब्द घेतला. लोकांचे शब्द, लोकांचा छंद, सगळं घेतलं आणि लोकांचे देव तेवढे वगळले. घर तेच ठेवलं, माणसं बदलली. त्याच्या मराठीवर प्रेम करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवं. मी दोन्ही करतो आणि दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत.

याहून विचित्र गोष्ट पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहे. तिथे सोळाव्या शतकातली हस्तलिखितं आहेत. रामायण-महाभारताच्या कथा, कोंकणीत आणि मराठीत, रोमन लिपीत उतरवलेल्या, जेझुइटांच्या उपयोगासाठी. खंडन करायचं तर आधी वाचायला हवं, म्हणून. हे साहित्य मिळवण्याच्या रीतीही बघण्यासारख्या होत्या. १५५९ मध्ये एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पोर्तुगीज हद्दीबाहेर जाऊन दुसऱ्या एका ब्राह्मणाच्या घरातून अशाच पोथ्या पळवून गोव्यात आणल्या. त्या दुसऱ्याची व्यासांच्या ग्रंथांवरची आठ वर्षांची मेहनत होती. पण आज कोंकणी गद्याचे सर्वात जुने नमुने शोधायचे तर याच ब्रागातल्या वह्यांकडे जावं लागतं. ज्यांनी पुराणं बंद केली त्यांच्याच कपाटात ती टिकली. साक्सनोतसारखीच.

आणि आता आइसलँड. स्नॉरी स्टुर्लुसन, जन्म ११७९, मृत्यू १२४१, तोही खून होऊन. मोठा जमीनदार, राजकारणी, कवी. त्याचा देश इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती झाला होता, म्हणजे जुने देव जाऊन त्याच्या वेळेपर्यंत दोनशे वर्षं उलटली होती. १२२० च्या आसपास त्याने 'एड्डा' लिहिली, तरुण कवींसाठी. कारण जुनी कविता देवांच्या संदर्भांनी भरलेली होती आणि पोरांना ते संदर्भ कळेनासे झाले होते. त्याच्या नावावरच्या प्रस्तावनेत देवांचा निकाल लावलेला आहे: हे लोक आशियातून, ट्रॉयहून आले, थॉर हा ट्रॉयच्या राजाचा नातू, 'एसिर' हे देवांचं नाव आशियावरूनच पडलं. पुन्हा महासुभा-म्हसोबा. तिथे थॉर ओडिनचा कितीतरी पिढ्या आधीचा पूर्वज आहे, आणि पुस्तकात आत मुलगा. हा बग कुणीच दुरुस्त केलेला नाही.

मला वाटतं, तो दुरुस्त न करणं हीच या पुस्तकाची चांगली गोष्ट आहे. ख्रिस्ती माणसाने यावर विश्वास ठेवू नये, पण या गोष्टी विसरूही नयेत, असं स्नॉरी एकदा स्पष्ट सांगतो. त्याचं न मानणं ठराविक जागी आहे. मग गोष्टी सुरू होतात आणि त्यांच्यात तो लुडबुड करत नाही. थॉर बायकोचा वेष घालून हातोडा परत आणायला जातो असल्या गोष्टी त्या काळात लोक हसत हसत सांगत होतेच, स्नॉरीही आपल्या गोष्टींत थॉरला राक्षसांच्या घरी फजीत होऊ देतो, म्हातारीशी कुस्ती खेळून हरू देतो. (ती म्हातारी म्हणजे म्हातारपण, हे नंतर कळतं.) मध्येच थांबून तो म्हणत नाही की बघा किती भाबडे होते आपले पूर्वज.

इथे मी जवळजवळ ठरवलं होतं की आपणही स्नॉरीसारखं लिहायचं. वर एक ओळ आपली, खाली आजीची गोष्ट जशीच्या तशी.

पण एक शंका गेली नाही. स्नॉरीला हे दिलदारपण परवडलं, कारण थॉर मेला होता. दोनशे वर्षं त्याला कुणी बळी दिला नव्हता. मेलेल्या देवावर प्रेम करणं सोपं आहे. जिवंत देवाशी असं कसं वागायचं? त्याला उद्या पुन्हा विडी लागणार असते.

आमच्याकडे आचऱ्याला गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की काही वर्षांनी एकदा अख्खं गाव गुरंढोरं, कुत्री, कोंबड्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतं. गाव रिकामं सोडायचं. कुणासाठी, ते जुनी माणसं सांगतात. मात्र व्हॉट्सअॅपवर दर वेळी एक मेसेज येतो की यामागे पूर्वजांचं विज्ञान आहे, गाव मोकळं राहिल्याने रोगजंतू मरतात, हवा शुद्ध होते. तो मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांत मीही एकदा होतो. देवळं पाडणाऱ्यांपेक्षा हे फार सौम्य आहे, मान्य. पण चाल तीच. आमच्या काळात ज्याची सत्ता आहे त्याच्या दरबारात देवाला उभं करायचं आणि म्हणायचं की हा मूळचा तुमचाच माणूस आहे, मारू नका. ट्रॉयच्या राजाचा नातू आहे हा.

आणि 'समृद्ध लोकपरंपरा होती' हे माझं वाक्य? तेही हेच. फक्त त्यात मी सैतान न म्हणता वारसा म्हटलं होतं.

गणपतीला गावी गेलो तेव्हा बाबांना लॅपटॉपवर साइट दाखवली. रामेश्वराचा फोटो त्यांना आवडला. देवचाराचं पान उघडलं, चष्मा वर सरकवून त्यांनी दोन्ही वाक्यं वाचली. "पूर्वी म्हणजे कधी रे?" ते म्हणाले. "मी गेल्या आवशेक काय ठेवलंय मगे थंय?"

मला खरंच माहीत नव्हतं. आजी गेल्यावर ते बंद झालं असणार असं मी धरून चाललो होतो. बाबांनी ते चालू ठेवलं होतं, न बोलता. दर अवसेला, एक रोट आणि विडीचा जोड. बाबा बँकेतून रिटायर झाले आहेत, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, बुवा-बाबांना शिव्या घालतात. मी विचारलं, तुम्ही मानता? ते म्हणाले, मानण्याचो काय संबंध, द्यावक व्हया ता द्यावक व्हया. आमच्या प्रश्नात काहीतरी चूक होती असा त्यांचा चेहरा होता. मला वाटतं एल्फ्रिकपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी हाच चुकीचा प्रश्न विचारला, की तो आहे का आणि असला तर नक्की कोण आहे. बाबांच्या हिशोबात देवचार हे एक देणं आहे. देणं लागतो तो माणूस सावकाराची व्याख्या विचारत बसत नाही.

मी मानत नाही. हे इथे सरळ लिहितो, कारण न लिहिणं लबाडी होईल. रात्री व्हाळाजवळून येताना मी इअरफोन काढून ठेवतो, हेही लिहितो. याचा मेळ मला घालता येत नाही आणि सध्या मी तो घालायला जात नाही.

त्या रात्री पान पुन्हा लिहिलं. 'पूर्वी' काढलं. 'मानत' काढलं. ड्रॉपडाउनमध्ये 'देवचार' असा नवा प्रकार वाढवला, एकाच नोंदीसाठी. कोडच्या दृष्टीने हे अत्यंत वाईट डिझाइन आहे. वर एक ओळ माझी: खालची गोष्ट माझ्या आजीने सांगितली, मला ती पावसातल्या रात्रीची एक आठवण वाटते. मग आजीची गोष्ट, आजोबा, पाऊस, साकव. शेवटी इतकंच की अवसेला इथे रोट ठेवतात. मग फोटोऐवजी एक चित्रही टाकलं, चुलत बहिणीकडून काढून घेतलेलं: एक म्हातारा, खांद्यावर कांबळं, हातात कंदील.

सकाळी चहा पिताना बाबांनी ते मोबाइलवर पाहिलं. मजकुराबद्दल काही बोलले नाहीत. चित्र मोठं करून बराच वेळ बघत राहिले.

"कंदील नाय," ते म्हणाले. "काठी. कंदील कित्याक व्हयो तेका?"